एका दिवसाचा समुद्र

गॅम्बेल, सेंट लॉरेन्स बेट, अलास्का
१४ ऑगस्ट १९८८

आनागाबाई,

तुम्ही मला ओळखाल की नाही, कोण जाणे. जूनमध्ये आमच्याकडच्या नोम शहरातून समुद्रापलीकडं तुमच्या बाजूला जे विमान आलं, त्यात आमच्या गावचा क्लेरन्स होता. प्रोव्हिडेनियाच्या शाळेत चहापाणी चाललं असताना एका बाईनं त्याला आपल्या भाषेत विचारलं, "गॅम्बेलात तुलीमाकचं घर अजून आहे का?" तो उत्तर देणार तेवढ्यात भाषणं सुरू झाली आणि बाई गर्दीत दिसेनाशा झाल्या. नंतर कुणीतरी त्याला सांगितलं, त्या नव्या चाप्लिनोच्या शिक्षिका, आनागा.

तो तुलीमाक मी. इथं कागदोपत्री विलिस म्हणतात. माझी थोरली बहीण आनागा सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तुमच्या बाजूच्या कावाकशी लग्न करून गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी यायची होती, पण तेवढ्यात दोन्ही सरकारांनी समुद्र बंद केला. त्यानंतर तिचं काही कळलं नाही.

तुम्ही ती नसाल तर माफ करा. असाल तर एवढंच लिहा : आपल्या घरचा लंगडा कुत्रा कोणता? दुसऱ्या कुणाला ते सांगता यायचं नाही.

आणि असाल तर आणखी एक गोष्ट. आई जिवंत आहे.

तुलीमाक


नवं चाप्लिनो, चुकोत्का
२० नोव्हेंबर १९८८

तुली,

आपल्या घरी लंगडा कुत्रा नव्हता. लंगडत तू होतास. वॉलरसच्या सुळ्यावर पाय देऊन टाच फाडून घेतलीस आणि महिनाभर माझ्या पाठीवर बसून हिंडलास. आणि पुन्हा मला 'तुम्ही' म्हणालास तर समुद्र ओलांडून येऊन कान पिळीन.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी वाचलं, मग बाकीचं. मग पुन्हा शेवटचं. शाळेत होते. मुलांना म्हटलं, पुस्तकं उघडा आणि आपापलं वाचत बसा. एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही पुस्तक उलटं धरलंय."

माझं थोडक्यात सांगते. कावाक गेला, बासष्टच्या वसंतात, बोट बर्फात सापडून. माणूस चांगला होता. मुलगा अनादिरला असतो. मी शिकले, आणि इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवत आलेय. तुझी लिपी वाचता येते, म्हणून तुझ्याच अक्षरांत लिहिते आहे. चुका हसून सोडून दे.

अठ्ठावन्न साली आमचं जुनं गाव उठवलं आणि सगळ्यांना इथं, खाडीच्या आत आणून बसवलं. जुन्या गावातून हवा स्वच्छ असली की तुमचा डोंगर दिसायचा. चूल पेटवायच्या आधी मी बाहेर जाऊन त्याला बघून यायची. कावाक म्हणायचा, "नवऱ्याचं तोंड बघायच्या आधी माहेरचं बघतेस." इथून तो दिसत नाही.

तुझं पत्र अमेरिका ओलांडून, अटलांटिक ओलांडून मॉस्कोला गेलं आणि सबंध सायबेरिया पार करून माझ्याकडे आलं. आपले बाबा वल्ही आणि शीड घेऊन सकाळी निघाले तर दिवस मावळायच्या आत इथं पोचायचे.

आईबद्दल सगळं लिही. काय खाते, कशी चालते, माझं नाव घेते का.

तुझी ताई


गॅम्बेल
९ फेब्रुवारी १९८९

ताई,

घरात पत्र वाचलं तेव्हा माझी बायको एस्टेल रडली आणि मी हसलो. मग आमची अदलाबदल झाली.

आई बरी आहे. डोळ्यांनी अंधुक दिसतं. दात नाहीत, तरी व्हेलची कातडी चरबीसकट लागतेच. एस्टेल बारीक कापून देते. आई दुपारभर समुद्राकडच्या खिडकीशी बसते. तुझं नाव घेते का, असं विचारतेस? दुसरं नावच घेत नाही. मला सुद्धा कधीकधी तुझ्या नावानं हाक मारते.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं लिहायला कधी शिकली ही?" मग म्हणाली, "तिच्या वेण्या कोण घालतं तिकडं? तिला एकटीला जमत नाहीत."

आणि मग तिनं मला एक प्रश्न विचारला. तू भूगोलाची बाई, तूच सांग. ती म्हणाली, "हा समुद्र असा केवढा मोठा आहे रे, की पोरीला ओलांडून येता येत नाही?"

मी शिकारी माणूस. मला याचा बर्फ कळतो, प्रवाह कळतो, व्हेल कोणत्या वाऱ्याला वर येणार ते कळतं. केवढा आहे ते मी कधी मोजलं नाही.

तुलीमाक


नवं चाप्लिनो
३ जून १९८९

तुली,

माझ्या वेण्या आता सुतळीएवढ्या झाल्यात, त्या माझ्या मलाच जमतात. आईला सांग. हसेल.

तिच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. सावकाश वाचून दाखव.

जगात समुद्र पुष्कळ आहेत. एक भूमध्य समुद्र आहे, तीन खंडांच्या मधोमध. त्याच्या काठचे लोक हजारो वर्षं एकमेकांचं धान्य, तेल आणि देवसुद्धा बोटींतून नेत-आणत आले. त्याच्या पलीकडं अरुंद, उष्ण तांबडा समुद्र, त्यात एकसुद्धा मोठी नदी येऊन मिळत नाही. दोहोंच्या मधे माणसांनी कालवा खणला आणि अर्ध्या जगाचा वळसा वाचवला. दक्षिण चीन समुद्रात जहाजं बाजारातल्या माणसांसारखी एकमेकांना खेटून जातात. कॅरिबियन समुद्र इतका ऊबदार, की लोक उगाच पाण्यात उतरतात. बाल्टिक आपल्यासारखा गोठतो, तर तिथं बर्फ फोडणारी जहाजं पुढं घालून वाट काढतात.

आपला बेरिंग समुद्र या सगळ्या मोठ्यांच्या पंगतीतला आहे. भूमध्यापेक्षा जरासाच लहान. दक्षिणेला अथांग खोल आणि आपल्याकडं उथळ, म्हणून तळाशी शिंपले, म्हणून वॉलरस, म्हणून आपण. याचे मासे कुठल्या कुठल्या देशांतल्या ताटांत जातात. राखाडी व्हेल मेक्सिकोच्या गरम खाड्यांत पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात इथं चरायला येतात. त्यांना कुणी कागद मागत नाही.

पण आईच्या आणि माझ्या मधला त्याचा तुकडा एका दिवसाचा आहे. आणि हे तिला मीच सांगायचं.

परीक्षेत मी एक प्रश्न नेहमी घालायची : समुद्र माणसांना तोडतो की जोडतो? 'जोडतो' लिहिलं की पूर्ण गुण. एकदा एका पोरीनं विचारलं, "मग बाई, आपला समुद्र आपल्याला कुणाशी जोडतो?" मी म्हटलं, "तो पुढच्या वर्गाचा धडा."

ऐकते आहे की, आपल्या लोकांना लवकरच व्हिसाशिवाय ये-जा करू देणार. मी पहिला अर्ज टाकणार आहे.

ताई


गॅम्बेल
१७ ऑक्टोबर १९८९

ताई,

तुझे समुद्र आईला फार आवडले. रोज वाचायला लावते. तांबडा समुद्र ऐकला की विचारते, "वॉलरस कापल्यावर पाणी होतं तसा का?" मी हो म्हणतो. ऊबदार समुद्राचं तिला पटलेलं नाही. म्हणते, "मास्तरीण थापा मारते."

आई सध्या तुझ्यासाठी सीलच्या कातडीचे बूट शिवते आहे. डोळे नाहीत, सगळं बोटांनी. एस्टेल म्हणाली, "आई, थोडे मोठे करा." तर म्हातारी कडाडली. म्हणते, "माझ्या लेकीचा पाय मला ठाऊक आहे. तू नको शिकवूस."

लवकर ये. फार थांबू नकोस. तब्येत चांगली आहे तिची, तसं नाही. पण ऐंशीच्या घरातलं माणूस आहे.

व्हेल मिळाला या वर्षी. तुझा वाटा म्हणून आईनं एक मोठा तुकडा बाजूला काढायला लावलाय. बर्फाच्या खड्ड्यात ठेवलाय.

तुलीमाक


नवं चाप्लिनो
१२ मे १९९०

तुली,

कागद मिळाला. जुलैमध्ये येते आहे. इथून नोम आणि नोमहून लहान विमानानं बेटावर. मी परतायच्या सुमारास तुमचे लोक बोटी घेऊन आमच्याकडे येणार आहेत म्हणे, मी त्यांच्याबरोबर समुद्रातूनच येईन. म्हातारपणी खूळ, असं मुलगा म्हणतो. म्हणू दे.

आईची 'मास्तरीण थापा मारते' ही ओळ मी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवली. आणि बुटांचं वाचून खूप हसले. ती अजून तशीच हट्टी आहे म्हणजे बरी आहे.

एक भीती वाटते, ती तुलाच सांगते. ती माझ्याकडे बघेल आणि तिला म्हातारी दिसेल. तिला आधीच सांगून ठेव की पोरीचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, समोरचे दोन दात सोन्याचे आहेत. म्हणजे दचकायची नाही.

ताई


नवं चाप्लिनो
६ सप्टेंबर १९९०

तुलीमाक,

परत आल्यापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. आज पुरं करते.

तू मला का सांगितलं नाहीस?

मी दारात उभी राहून "आई" म्हटलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि एस्टेलला म्हणाली, "पाहुणीला चहा दे. लांबून आलेली दिसते." मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले, नाव सांगितलं. ती हसली. म्हणाली, "माझ्या मुलीचंही हेच नाव. पोर आहे अजून. येईलच आता."

मी तुझ्याकडं बघितलं, तर तू बाहेर निघून गेलास.

मग माझ्या लक्षात आलं. वेण्या कोण घालतं, असं तिनं विचारलं ती चेष्टा नव्हती. बुटांचं माप हट्टानं घेतलेलं नव्हतं. तिच्या मनातल्या लेकीचा पाय अजून तेवढाच होता. तू एक अक्षर खोटं लिहिलं नाहीस, फक्त निवडून निवडून लिहिलंस आणि मला हसू दिलंस. मी ते शाळेत वाचून दाखवलं, तुली.

जितके दिवस राहिले तितके दिवस ती संध्याकाळी खिडकीशी बसून मलाच विचारायची, "बाई, तुमची नजर चांगली आहे. बोट दिसते का हो?" मी म्हणायची, "आज वारा आहे, उद्या येईल." वारा नव्हता. पाणी तव्यासारखं सपाट होतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, नंतर सवय झाली. तिचे केस विंचरले, तिला भरवलं, तिच्याशेजारी झोपले. झोपेत तिनं एकदा माझा हात धरला आणि जाग आल्यावर "माफ करा हं" म्हणून सोडला.

चाळीस वर्षं मी सरकारला शिव्या घातल्या, समुद्राला घातल्या. आता कुणाला घालू?

आनागा


गॅम्बेल
२५ नोव्हेंबर १९९०

ताई,

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी बचाव करत नाही, फक्त कसं घडलं ते सांगतो.

क्लेरन्सनं तुझं नाव आणलं तेव्हा आईला अधूनमधून सगळं आठवायचं. सकाळी मला ओळखायची, संध्याकाळी नाही. मला वाटलं, तुला लिहावं आणि तू घाईनं यावीस. बर्फावर धुक्यात माणूस चुकला तर आपण काय करतो? उभं राहून हाका मारतो. तो आवाजाच्या रोखानं येतो. मला वाटलं, आई तुझा आवाज ऐकेल आणि येईल परत. दोन वर्षं कागदाला लागली. तोवर ती फार आत निघून गेली. आणि खरं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता येऊन काय उपयोग. ही भीती होती.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी बाहेर गेलो, कारण मला ते बघवलं नाही.

पण ताई, एक नवल सांगायचंय. तू निघालीस त्या दिवशी आम्ही आईला गाडीत बसवून किनाऱ्यावर आणलं होतं. बोट ढकलायच्या आधी तिनं तुला खाली वाकवलं आणि तुझ्या कानाशी काही बोलली. मी इंजिन बघत होतो, मला ऐकू आलं नाही. तू मान हलवलीस आणि बोटीत चढलीस. मागं वळून बघितलं नाहीस.

त्या दिवसापासून आई खिडकीशी बसत नाही. बोट आली का, विचारत नाही. चुलीकडं तोंड करून बसते, खाते, शांत झोपते. एस्टेलला मी म्हटलं, तिनं पोरीला ओळखलं. अगदी शेवटच्या क्षणी ओळखलं.

काय म्हणाली ती?

तुलीमाक


गॅम्बेल
४ मार्च १९९१

ताई,

आई गेली. फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी, चहा हातात असताना. त्रास काही झाला नाही.

तुला कळवायला नोमच्या रेडिओवरून निरोप दिला होता, पोचला की नाही ठाऊक नाही. पोचला असता तरी तुला येता आलं नसतं. वादळ होतं, विमानं बंद. डोंगराच्या उतारावर बाबांच्या शेजारी ठेवली. जमीन गोठलेली, म्हणून वर दगड रचले. सगळं गाव आलं होतं. एस्टेलनं तुझ्या नावानं एक मूठ चहा तिच्याबरोबर ठेवला.

तू विचारलेल्याचं उत्तर दिलं नाहीस. रागानं दिलं नसशील, तर राग धर, पण उत्तर दे. लोकांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, जाण्याआधी तिनं लेकीला ओळखलं होतं. खरं आहे ना?

तुलीमाक


नवं चाप्लिनो
१९ जुलै १९९१

तुली,

रेडिओवरचा निरोप पोचला होता. तुझं पत्र नंतर आलं.

राग कधीच संपला. उत्तर दिलं नाही, कारण तू "ओळखलं" असं लिहिलं होतंस आणि ते मला मोडवेना. पण तू मला निवडून निवडून लिहिलंस तेव्हा मला काय वाटलं ते मला माहीत आहे. तेच मी तुझ्याशी करणार नाही.

किनाऱ्यावर तिनं माझी बाही धरून मला खाली ओढलं. म्हणाली, "बाई, तुम्ही पलीकडच्या ना? परत तिकडंच चाललात ना?"

मी हो म्हटलं.

"माझी लेक तिकडं दिली आहे. आनागा. तिला एक निरोप द्याल?"

मी म्हटलं, "देईन."

"फार हट्टी पोर आहे. बर्फ नीट फुटला नसताना नवऱ्याला बोट काढायला लावेल. तिला सांगा, आई बरी आहे. घरात माणसं आहेत, खायला आहे. म्हणावं, आई वाट बघत नाही. समुद्र चांगला झाल्याशिवाय निघू नको. वर्ष लागलं तरी चालेल म्हणावं."

मी म्हटलं, "सांगते."

तिनं बाही सोडली नाही. म्हणाली, "असं नको. नक्की सांगा. ती निघाली आणि मधेच वारा फिरला तर मी काय करू?"

मी म्हटलं, "तिला कळलं. ती निघणार नाही."

तेव्हा तिनं हात सोडला. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर बोटीतून उतरले असते.

म्हणून तिनं खिडकी सोडली, तुली. मला ओळखून नाही. निरोप धाडला गेला होता, आता पोर अवेळी निघणार नाही, एवढ्यानं तिचा जीव शांत झाला. इतकी वर्षं ती खिडकीशी बसायची ती मी यावी म्हणून, असं आपण समजत होतो. ती बसायची ते मी निघून मधेच बुडेन या धास्तीनं.

गावात सांगितलंस ते तसंच राहू दे. बदलू नकोस.

काल शाळेची मुलं घेऊन जुन्या गावी गेले होते. घरं पडलीत, फक्त व्हेलच्या बरगड्या उभ्या आहेत. हवा स्वच्छ होती, तुमचा डोंगर दिसत होता. आमच्या होडीवाल्यानं पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, असा दिवस पुन्हा मिळायचा नाही. आता निघालो तर संध्याकाळी गॅम्बेल. येता का?"

मी त्याला म्हटलं, नको, घरून निरोप आहे.

आनागा